गाडीचा सीट बेल्ट आत जात नाही? आधी पट्टा धुवून बघा

जेऊर (ता. करमाळा) : दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीत ही तक्रार हमखास असते. बेल्ट सोडला तरी पट्टा आत जात नाही, सीटवर लोळत राहतो, दारात चेंगरतो. मग कंटाळून तो सीटमागून नेऊन बकलमध्ये कायमचा अडकवून टाकतात. बेल्ट खराब झाला म्हणून सोडून देतात. बऱ्याच वेळा तो खराब नसतो, नुसता मळलेला असतो.

दाराजवळच्या खांबात खाली एक रीळ असतं. त्यातली गुंडाळलेली स्प्रिंग पट्टा आत ओढते. ही ओढ मुद्दामच हलकी ठेवलेली असते, नाहीतर पट्टा छातीला काचेल. त्यामुळे घाम आणि धूळ साचली की स्प्रिंगची ताकद पुरत नाही. खांद्याजवळच्या कडीत तर काळा चिकट थर बसतो. उसाच्या फडात, केळीच्या बागेत रोज जाणाऱ्या गाडीचं विचारूच नका.

उपाय घरचाच आहे. पट्टा सावकाश पूर्ण बाहेर ओढा आणि परत आत जाऊ नये म्हणून रिळाजवळ मजबूत चिमटा लावा. कोमट पाण्यात थोडा साधा साबण घालून मऊ ब्रशने दोन्ही बाजू घासा, ओल्या फडक्याने साबण पुसून काढा. कडीतला थरही फडक्याने काढा. पट्टा सावलीत पूर्ण वाळल्यावरच चिमटा सोडा, रात्रभर ठेवला तर उत्तम. ब्लीच, रॉकेल, पेट्रोल अजिबात नको. तेल लावलं तर धूळ आणखी चिकटते.

पट्टा बाहेरच येत नसेल तर गाडी उतारावर उभी आहे का ते बघा. रिळात एक छोटी गोळी असते. गाडी कलली किंवा जोरात ब्रेक लागला की ती सरकते आणि रीळ लॉक होतं. पट्टा झटक्याने ओढला तरी लॉक होतो. गाडी सपाटीला घ्या, पट्टा थोडा आत जाऊ द्या, मग हळू ओढा. रीळ काढून हातात आडवं धरलं तरी ते लॉकच राहतं. याच कारणाने चांगलं रीळ भंगारात जातं.

बकल लागत नसेल तर आत शेंगदाण्याची टरफलं, नाणं असं काही अडकलेलं असतं. गॅरेजात हवा मारून घ्या.

मात्र रिळाचं झाकण उघडू नका. स्प्रिंग उसळून हाताला, डोळ्याला लागते आणि परत बसवणं घरी जमत नाही. एअरबॅगच्या गाडीत रिळाला वायर असेल तर आत बहुधा स्फोटक पुडी असते. ते काम सर्व्हिस सेंटरचंच. पट्टा फाटला, धागे निघाले तर शिलाई मारून चालत नाही, आख्खा बेल्ट बदलावा लागतो. मोठ्या अपघातातून गेलेला बेल्टही बदलायचाच. भंगारातला स्वस्तात मिळतो, पण तो कुठल्या गाडीतून आला हे कोण सांगणार?

मागचे बेल्ट बहुतेक गाड्यांत सीट कव्हरखाली गाडलेले असतात, तेही बाहेर काढा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्यालाही बेल्ट सक्तीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार दंड १,००० रुपये.