बियाण्यास रस देण्याची रोमन चाल

ऑलिव्हची फळे घाण्यात दाबून तेल निथळून घेतल्यावर जो काळा, कडवट, पाण्यासारखा रस मागे उरे, त्यास प्राचीन रोमन लोक अमुर्का म्हणत. आणि तेलाच्या हिशेबात ज्याची किंमत शून्य, अशा या रसाचा धान्याच्या शेतीत त्यांनी जो विविध उपयोग करून घेतला, तो पाहिला म्हणजे त्या कृषीवलांच्या चिकित्सक वृत्तीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेला रोमन शेतीलेखक कॅटो धान्याचे कोठार अमुर्का आणि थोडा भुसा घालून कालवलेल्या चिखलाने लिंपावयास सांगतो, म्हणजे सोंडे व उंदीर धान्याच्या वाटेस जात नाहीत.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, मूळचा स्पेनमधील गादेस येथील कोलुमेला याने बियाण्याचे रसोपचार तपशीलवार नमूद करून ठेवले. सेडुम नामक मांसल पानांच्या वनस्पतीचा रस पिळून पाण्यात मिसळीत, त्यात बी एक रात्र भिजू देत आणि मग पेरीत. कोणी याच कामी रानकाकडीचा रस व कुटलेली मुळी घेत. आणि उभ्या पिकास कीड लागू लागली, तर हेच पाणी किंवा अमुर्का सऱ्यांतून ओतीत. मात्र अमुर्का अळणी हवी, हे सांगावयास तो विसरलेला नाही. याउलट आपल्या कौटिल्याने धान्याच्या बियाण्यास सात दिवसांपर्यंत रात्रीचे दव व दिवसाचे ऊन देण्याची तजवीज सांगितली. तिच्यात रसाला स्थान नाही.

शेंगांत दाणा टपोरा भरावा म्हणून बी अमुर्केत भिजविणारे शेतकरी स्वतः पाहिल्याचे कवी व्हर्जिल सांगतो खरा. परंतु माझ्या मते या रसाचे मुख्य कार्य वाढीचे नसून रक्षणाचे होते, कारण त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये बुरशीस व जंतूंस अटकाव करतात आणि तीच द्रव्ये तीव्र असली तर गव्हाजवाची उगवणही खुंटवितात. हे मर्म रोमन ग्रंथकार व्हॅरोने इ. स. पूर्व ३७ च्या सुमारास ओळखले होते: घाण्यांतून ओघळलेली अमुर्का जेथे शेतात शिरते, तेथे जमीन काळी पडते आणि अतिरेक झाल्यास नापीक होते, परंतु बेताने वापरल्यास तोच रस शेतीला अतिशय उपकारक ठरतो, असे त्याचे निरीक्षण आहे. रसोपचारांच्या साऱ्या पाठांहून ही एक नोंद मला मोलाची वाटते. बेताचे हेच तत्त्व आजच्या कायद्यातही दिसते: इटलीच्या सरकारने १९९६ साली कायदा करून, दाबाच्या घाण्यांतील हे पाणी शेतात सोडण्यास हेक्टरी वर्षाला ५० घनमीटरांची मर्यादा घातली आहे.