वाळूवरचं गोल्फ आणि आपली हरळी

गोल्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? दूरवर पसरलेली, नुकतीच कापलेली हिरवळ. आता ती पुसून टाका आणि तिथे नुसती वाळू ठेवा. दुबईत एकेकाळी गोल्फ असंच खेळलं जायचं.

रास अल खोर म्हणजे 'खाडीचं टोक'. दुबईची खाडी जमिनीत शिरून जिथे संपायची, तो हा भाग. 1971 मध्ये या परिसरात दुबई कंट्री क्लब सुरू झाला. त्याचं मैदान वाळूचं होतं. आखातातल्या अशा मैदानांवर खेळाडू कृत्रिम गवताचा छोटा तुकडा सोबत बाळगायचे. चेंडू त्यावर ठेवायचा, फटका मारायचा, तुकडा उचलायचा आणि पुढे चालायचं. भोकाभोवतीच्या जागेला एरवी 'ग्रीन' म्हणतात. इथे ती तेल मिसळून दाबलेल्या वाळूची असायची, म्हणून नावच पडलं 'ब्राउन'!

मग 1988 मध्ये शहराच्या दुसऱ्या बाजूला एमिरेट्स गोल्फ क्लब आला, अस्सल गवताचा. आणि 2007 मध्ये रास अल खोरचा तो जुना क्लब बंद झाला. त्याच वर्षी तिथल्या फ्लेमिंगोंच्या पाणथळीला रामसर दर्जा मिळाला, हा योगायोग.

हा क्रम लक्षात ठेवा. कारण आज दुबईत कुणी अंगणातलं लॉन काढून खडी, वाळू आणि वाळवंटी झुडपं लावली, की आपण त्याला 'नवा ट्रेंड' म्हणतो. खरं तर नवं आहे ते लॉन. वाळवंटातली जुनी बाग म्हणजे खजुरांची सावली आणि त्याखाली फळझाडं, चारा. नुसतं बघण्यासाठी गालिचा अंथरायचा, ही कल्पना बाहेरून आली.

पण म्हणून गवताला खलनायक ठरवू नका. लॉनसाठी जगभर वापरतात ते बर्म्युडा ग्रास कुठलं? वनस्पतिशास्त्रातलं नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा! शेतकऱ्याला विचारा, हरळी किती चिवट असते. पाऊस नसला की पिवळी पडते, वाळते, मेल्यासारखी दिसते आणि पहिल्या सरींनंतर पुन्हा फुटते. तिला दुष्काळ चालतो. चालत नाही तो आपल्याला. बारा महिने हिरवंच दिसलं पाहिजे, हा हट्ट आपला, आणि पाणी लागतं ते या हट्टाला.

दुबईत वर्षाला जेमतेम 100 मिमी पाऊस पडतो. पिण्याचं पाणी मुख्यतः समुद्राचं खारेपण काढून मिळवलेलं. 'बागांना तर सांडपाणी शुद्ध करून देतात, मग बिघडलं कुठे?' असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे, पण ते सांडपाणीही आधी नळातून आलेलंच असतं. म्हणजे एकदा गोडं करायला ऊर्जा, पुन्हा शुद्ध करायला ऊर्जा. आणि गवताने प्यायलेलं पाणी झाडांच्या वाट्याला येत नाही.

त्या झाडांमध्ये पहिला मान गाफचा, संयुक्त अरब अमिरातीच्या राष्ट्रीय वृक्षाचा. त्याची मुळं खोलवरचं पाणी शोधतात. तुम्हीही त्याला ओळखता : गाफ म्हणजे शमी. दूर्वा आणि शमी, गणपतीच्या पूजेत शेजारी असणाऱ्या दोन वनस्पती, दुबईच्या अंगणात मात्र एकमेकींना पर्याय म्हणून उभ्या आहेत.

आता हे सगळं 'तिकडचं' म्हणून सोडून देऊ नका. एप्रिल 2016 आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, पहिल्या खेपेला सुमारे 5 लाख लिटर. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. वादाच्या केंद्रस्थानी होतं मैदानांना लागणारं पाणी. चारच वर्षांनी, करोनामुळे, ती अख्खी स्पर्धा कुठे झाली? दुबई, अबुधाबी आणि शारजाच्या हिरवळीवर.

मग गवत काढायचं तरी कुठलं? अमेरिकेतल्या वाळवंटी नेवाडा राज्याने 2021 मध्ये केलेला कायदा इथे उपयोगी पडतो. लास वेगास परिसरात जे लॉन फक्त शोभेचं आहे, त्याला 2026 संपल्यावर कोलोरॅडो नदीचं पाणी मिळणार नाही. मुलं खेळतात ते मैदान राहील. रस्त्याच्या दुभाजकावरचं, ऑफिसच्या दारातलं, ज्यावर कुणी पाऊलही ठेवत नाही ते जाईल.

ही कसोटी आपल्याकडेही लावता येईल. मे महिन्यात तुमच्या सोसायटीत टँकर येत असेल, तर खाली जाऊन बघा : 'गवतावर चालू नये' अशी पाटी तिथे आहे का? असेल, तर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा, की मग हे पाणी आपण कुणासाठी घालतोय?