जलसंजीवनी

ग्लुकोज व लवणे ठराविक प्रमाणात पाण्यात विरघळवून तयार केलेला आणि अतिसार झालेल्या रुग्णास तोंडावाटे देण्यात येणारा विद्राव. तीव्र जलीय अतिसारात बालकाचा मृत्यू बहुधा पाणी व लवणे शरीराबाहेर गेल्यामुळे, म्हणजे निर्जलीभवनामुळे होतो. नवजात अर्भकाच्या वजनाचा सु. ७५% भाग पाण्याचा असतो आणि वजनाच्या मानाने त्याची पाण्याची गरज प्रौढाहून पुष्कळच अधिक असते. त्यामुळे काही तासांच्या जुलाब-वांत्यांनीही त्याची स्थिती गंभीर होऊ शकते.

डोळे खोल जाणे, तोंड कोरडे पडणे व तान्ह्या मुलाची टाळू खोल जाणे ही लक्षणे घराघरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना पूर्वापार ठाऊक होती. तथापि त्यांचा पाण्याच्या उणिवेशी असलेला संबंध ध्यानात न आल्यामुळे टाळूवर तेल घातल्याने ती भरून येते, असा समज रूढ होता. उलट ‘हगवण वाढेल’ या भीतीने मुलाचे पाणी व दूध तोडण्यात येई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुग्णालयांतूनही आतड्यास विश्रांती म्हणून अर्भकास काही काळ उपाशी ठेवीत. अशा रीतीने उपचारच रोगास साहाय्यभूत होत असे.

निर्जलीभवनाचे रासायनिक ज्ञान पटकीच्या अभ्यासातून मिळाले. इंग्लंडमध्ये १८३१ साली पटकीची साथ आली असता विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी रुग्णांच्या रक्तातील पाणी व लवणे घटल्याचे दाखविले. हेच ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या निष्कर्षांच्या आधारे स्कॉटलंडमधील टॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये नीलेवाटे लवणविद्राव दिला. विसाव्या शतकाच्या आरंभी लेनर्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात ही पद्धत सुधारून मृत्यूचे प्रमाण बरेच खाली आणले. परंतु निर्जंतुक विद्राव, सुया व प्रशिक्षित माणसे यांवाचून ती अशक्य असल्याने खेड्यातील बालकास तिचा उपयोग नव्हता.

कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये पटकीच्या १८६ रुग्णांना मीठ व ग्लुकोज यांचा विद्राव तोंडावाटे दिल्याचे प्रसिद्ध केले. तथापि त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. ग्लुकोजाबरोबर सोडियमही आतड्यातून शोषले जाते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. पटकीने आजारी असलेल्या आतड्यातही ही क्रिया अबाधित राहते व सोडियमामागोमाग पाणी शोषले जाते, यातच या उपचाराचे मर्म आहे. डाक्का येथे डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये या उपचाराची परिणामकारकता दाखवून दिली.

खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली आणि बनगाव येथे नीलेवाटे द्यावयाचा विद्राव संपत आला. तेव्हा दिलीप महालनबीस यांनी १ लि. पाण्यास २२ ग्रॅ. ग्लुकोज, ३.५ ग्रॅ. मीठ व २.५ ग्रॅ. खाण्याचा सोडा असे मिश्रण करवून घेतले. तोट्या लावलेल्या पिंपांतून रुग्णांचे नातेवाईक हा विद्राव नेत व स्वतःच पाजीत. छावण्यांतील मृत्यूचे सु. ३०% असलेले प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ३.६% पर्यंत उतरले. जो उपचार वैद्याच्याच हातचा समजला जाई, तो आईच्या हाती सोपविता येतो, हे यावरून सिद्ध झाले. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ मध्ये अतिसार-नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला. बांगला देशात ‘ब्रॅक’ संस्थेच्या सेविकांनी १९८० ते १९९० या काळात घरोघर जाऊन चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण मातांना शिकविले. मातांच्या किती लक्षात राहिले, यावर सेविकांचा मोबदला ठरे. २००२ मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार १ लि. पाण्यात १३.५ ग्रॅ. ग्लुकोज, २.६ ग्रॅ. सोडियम क्लोराइड, १.५ ग्रॅ. पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅ. ट्रायसोडियम सायट्रेट असते. २००४ पासून याच्या जोडीस १० ते १४ दिवस जस्त देण्याची शिफारस आहे.

मूल चिडचिडे होणे, हपापून पाणी पिणे, डोळे खोल जाणे व पोटाच्या कातडीस घेतलेला चिमटा सावकाश पूर्ववत होणे ही निर्जलीभवनाची चिन्हे होत. कुपोषित मुलात चिमट्याचे चिन्ह फसवे ठरू शकते. मूल सुस्त वा बेशुद्ध होणे, त्यास पाणीही पिता न येणे किंवा शौचात रक्त पडणे या प्रसंगी त्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते. इतर वेळी २ वर्षांखालील बालकास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलि. विद्राव थोडाथोडा पाजतात. वांती झाल्यास १० मिनिटे थांबून अधिक सावकाश देतात. स्तनपान व नेहमीचे अन्न चालू ठेवतात. पाकिटावर सांगितले असेल तेवढेच पाणी घेणे आवश्यक असते. कमी पाण्यात केलेल्या दाट विद्रावाने रक्तातील सोडियम वाढून अपाय होतो.

जलसंजीवनीने जुलाब थांबत नाहीत. गमावलेले पाणी तेवढे भरून निघते. जुलाब लगेच थांबविणाऱ्या औषधाची अपेक्षा असलेल्या पालकांना ती म्हणूनच अपुरी वाटते. भारतात २०१९–२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार अतिसार झालेल्या बालकांपैकी सु. ६१% बालकांनाच ती मिळाली होती. रोटाव्हायरसविरोधी लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय लसीकरणात आल्याने एका प्रमुख कारणास प्रतिबंध झाला आहे. तथापि अतिसाराची कारणे अनेक असल्यामुळे शुद्ध पाणी, स्वच्छता व मातेचे ज्ञान यांचे महत्त्व कमी होत नाही.