फीबीचा शोध आणि एक रात्रपाळी

आपल्या कडेगावच्या अंगणातून शनी नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याचा फीबी नावाचा चंद्र मात्र दिसत नाही. त्याचा व्यास सरासरी २१३ किलोमीटर, आणि शनीपासून अंतर सुमारे १ कोटी ३० लक्ष किलोमीटर! शनीचे मोठे चंद्र ज्या दिशेने फिरतात, तिच्या उलट दिशेने तो सुमारे ५५० दिवसांत एक फेरी पुरी करतो. म्हणून तो शनीबरोबर जन्मलेला नसून बाहेरून येऊन त्याच्या ओढीत अडकला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात.

छायाचित्रावरून सापडलेला हा पहिला उपग्रह. शोध विल्यम पिकरिंग यांच्या नावावर आहे, आणि ते रास्तच आहे. निरनिराळ्या रात्रींच्या छायाचित्रांच्या काचा ताडून सरकणारा ठिपका त्यांनी ओळखला आणि १८९९ च्या मार्चमध्ये जाहीर केला. परंतु त्या काचा १८९८ च्या ऑगस्टमध्ये पेरू देशातील आरेकीपा येथे डीलाइल स्ट्यूअर्ट यांनी घेतल्या होत्या. आकाश सरकते, तशी दुर्बीणही सरकवत ठेवायची. चूक झाली की ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. ही रात्रपाळीच होती.

आम्ही कामगारांत वावरलेली माणसे. हजेरीपटावरचे नाव कोनशिलेवर चढत नाही, हे आम्ही जन्मभर पाहिले आहे. पिकरिंग यांचे श्रेय तसूभरही कमी न करता त्याच ओळीत स्ट्यूअर्ट यांचेही नाव घ्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.