मुका मार : तालमीच्या वस्तादापासून क्रीडावैद्यकापर्यंत



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते त्यांनी आपले आयुष्य शाळेच्या मैदानावर मुले घडविण्यात वेचले. तेव्हा विषयही मैदानावरचाच घ्यावा असे मनात आले. खेळाचा इतिहास आपल्याकडे बहुधा विजेत्यांच्या नावांनी लिहिला जातो. खेळताना पडलेल्या मुलाजवळ जो धावून जातो, त्याचे हाड बसवतो, त्याला पुन्हा चालते-पळते करतो, त्या माणसाचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. आज तो थोडक्यात मांडण्याचा विचार आहे. मी वैद्य नव्हे. जन्मभर मराठी शिकविले, म्हणून शब्दांचे बोट धरूनच या विषयात शिरतो.

आपण इंदूरकर ‘अखाडा’ म्हणतो, महाराष्ट्रात ‘तालीम’ म्हणतात. ‘तालीम’ हा अरबी शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ शिक्षण. ‘वस्ताद’ म्हणजे फारसीतला उस्ताद, गुरू. म्हणजे तालीम आणि शाळा या नावाने तरी सख्ख्या बहिणीच ठरतात. या तालमीने मराठीला दुखण्याचे शब्द किती दिले पाहा. पाय मुरगळतो, कंबर लचकते, पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते, शीर आखडते, खांदा निखळतो. प्रत्येक शब्दाची दुखापत निराळी आणि तिचे ठिकाणही ठरलेले. रोग्याने एक क्रियापद उच्चारले की जाणत्याला अर्धे निदान व्हावे, अशी ही भाषा आहे. या सर्वांत मला विलक्षण वाटतो तो ‘मुका मार’ हा शब्द. जखम दिसत नाही, रक्त येत नाही, पण आत मार बसलेला असतो. तो मार मुका असतो, आणि पुष्कळदा तो सोसणारा मुलगाही मुकाच राहतो. माझे पुढचे सारे विवेचन या शब्दाभोवती फिरणार आहे.

या विद्येची पाळेमुळे फार खोल आहेत. सुश्रुतसंहितेत भग्नाचे, म्हणजे हाडांच्या दुखापतीचे, स्वतंत्र प्रकरण आहे. सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार तेथे सांगितले आहेत. याच ग्रंथात व्यायामाची मर्यादाही घालून दिली आहे. व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्यानेच करावा, आणि श्वास तोंडावाटे येऊ लागला की ती मर्यादा गाठली असे समजावे, असा तो विचार आहे. व्यायामापूर्वी काय काय पाहावे याची यादीही सुश्रुत देतो. वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार. या यादीत वयाला पहिले स्थान आहे. हा क्रम छंदाच्या सोयीने आला असेल असे कोणी म्हणेल, परंतु आजचे क्रीडावैद्यक तोच क्रम पाळते. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या शिक्षणाचे आणि आहाराचे वर्णन येते. म्हणजे मल्लाचे शरीर ही राजाने लक्ष घालावे अशी बाब त्या काळी मानली जात होती.

आधुनिक काळात या परंपरेचे मोठे पीठ झाले ते बडोदे. सयाजीराव गायकवाडांच्या त्या नगरीत जुम्मादादांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिराला नावारूपास आणले. माणिकराव शारीरिक शिक्षणाचे आचार्य होते, तसेच हाडवैद्य म्हणूनही त्यांची मोठी ख्याती होती. शिकविणारा आणि बरे करणारा हात एकच, हे तालमीचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या ठायी पूर्णत्वाने दिसते. त्याच बडोद्यातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत सिद्ध केले. वस्तादाच्या तोंडी आणि हाती असलेले ज्ञान पुस्तकात उतरले, ही मराठी भाषेच्या इतिहासातलीही महत्त्वाची घटना आहे.

माणिकरावांकडे १९०७ ते १९१० या काळात एक तरुण शिकत होता, जगन्नाथ गणेश गुणे. पुढे तेच स्वामी कुवलयानंद झाले. १९२०-२१च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी यौगिक क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे क्ष-किरणांच्या व प्रयोगशाळेच्या साहाय्याने तपासण्यास आरंभ केला. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही त्याच वर्षी निघाले. गुरूने हातांनी जे जाणले ते शिष्याने यंत्रावर पडताळून पाहिले. परंपरेचा आदर आणि तिची परीक्षा या दोन गोष्टी एकमेकींच्या शत्रू नव्हेत, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

ही परीक्षा आवश्यक होती, कारण हाडवैद्यकाला गुणांबरोबर दोषही होते. वस्ताद पठ्ठ्याला लहानपणापासून ओळखे. त्याचा खुराक, झोप, स्वभाव सारे त्याला ठाऊक असे. निखळलेला खांदा तो मैदानावरच बसवी आणि मुलाचे भय आपल्या आवाजाने घालवी. परंतु ताज्या दुखापतीवर जोराने मालिश करणे ही घातक रीत होती. कोपराला मार लागल्यावर लगेच चोळले तर आतल्या स्नायूत हाडासारखा कठीण थर धरतो आणि सांधा कायमचा आखडतो. बांबूच्या कामट्या घालून पट्टी फार आवळली तर रक्तप्रवाह अडतो, आणि हात वाकडा होण्यापासून तो गमावण्यापर्यंत परिणाम होऊ शकतो. माझ्या एका वर्गमित्राचा कोपर कबड्डी खेळताना दुखावला. आठ दिवस त्याला तेल लावून चोळले. तो हात पुढे कधी पुरता सरळ झाला नाही. चोळणाऱ्याची माया खरी होती, परंतु नुसत्या मायेने सांधा सुटत नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. वस्तादाची प्रतिष्ठा पठ्ठ्याच्या कुस्तीवर अवलंबून असे. अनंत चतुर्दशीला आपल्या इंदुरात गिरण्यांच्या झाँकींबरोबर अखाडे निघत, आणि प्रत्येक अखाड्याची शान पणाला लागलेली असे. अशा वेळी मुलगा लढण्यास योग्य आहे की नाही, हे ठरविणाराही वस्तादच. निर्णय देणारा आणि निर्णयाचा लाभ घेणारा एकच असला की न्याय कठीण होतो. हे केवळ तालमीपुरते नाही. आजच्या प्रशिक्षकाला, क्रीडासंघटनेला आणि पालकालाही ते तितकेच लागू आहे.

हा पेच जगाला जुना आहे. इसवी सन १५७च्या सुमारास गॅलन हा वैद्य पर्गमम नगरात ग्लॅडिएटरांवर उपचार करीत होता. त्याला क्रीडावैद्यकाचा आद्य पुरुष म्हणतात. आधुनिक काळात १९२८ साली सेंट मॉरिट्झ येथील हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी खेळाडूंच्या वैद्यांची आंतरराष्ट्रीय संघटना जन्मास आली. आपल्या इंदुरात पाश्चात्य वैद्यकाचे शिक्षण १८७८ सालीच सुरू झाले होते. ते मेडिकल स्कूल पुढे किंग एडवर्डच्या नावाने ओळखले गेले, आणि १९४८ साली महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परंतु हाड जुळल्यावर पुढे काय, हा प्रश्न रुग्णालयाच्या दाराशीच सुटत असे. प्लास्टर निघाले की रोगी घरी जाई आणि बारीक झालेला पाय तसाच राही.

ही उणीव भरून निघाली ती खेळामुळे नव्हे, युद्ध आणि साथ यांच्यामुळे. १९४४ साली दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. मुंबईत पोलिओची साथ आली आणि तिच्या पाठोपाठ १९५०च्या दशकाच्या आरंभी के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. १९५५ साली हाजी अली येथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. आज मैदानाच्या कडेला पिशवी घेऊन बसणारा फिजिओथेरपिस्ट हा त्या पोलिओग्रस्त बालकांच्या उपचारातून घडलेल्या विद्येचा वारस आहे, हे आपण विसरू नये.

या विद्येचे सामर्थ्य पाहायचे असेल तर मुरलीकांत पेटकर यांचे चरित्र पाहावे. सांगली जिल्ह्यातला हा तरुण सैन्यात मुष्टियोद्धा होता. १९६५च्या युद्धात त्याला गोळ्या लागल्या आणि तो अपंग झाला. उपचार म्हणून त्याने पोहण्यास आरंभ केला, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. येथे उपचार आणि खेळ यांच्यातली रेघच पुसली गेली आहे.

आता मी थोड्या नाजूक विषयाकडे वळतो. आपल्या वीरकथांकडे. कर्नल सी. के. नायडू आपल्या होळकर संघाचे दैवत. मुंबईविरुद्धच्या एका रणजी सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले, तरी त्यांनी उपचार नाकारून खेळ चालू ठेवला, ही हकिकत इंदुरात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. डिसेंबर १९८९ मध्ये सियालकोटच्या कसोटीत सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरच्या नाकावर वकार युनूसचा चेंडू आदळला. नाकातून रक्त वाहत असताना तो खेळत राहिला आणि त्याने ५७ धावा केल्या. दोन्ही कथा ऐकताना ऊर भरून येतो, माझाही येतो. पण त्या सांगताना तिसरी कथाही सांगितली पाहिजे. तोच तेंडुलकर २००४ साली कोपराच्या दुखण्याने थांबला, मे २००५ मध्ये त्याने लंडनला शस्त्रक्रिया करून घेतली, आणि त्यानंतर तो आणखी आठ वर्षे खेळला. न थांबण्याचे धैर्य आपण मुलांना शिकवितो. थांबण्याचे धैर्य कोण शिकविणार?

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर असतो, कारण मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पट्टी असते. हाड तेथूनच वाढते. ही पट्टी शेजारच्या स्नायुबंधांहून कमकुवत असते. त्यामुळे प्रौढाचा जेथे पाय मुरगळेल तेथे मुलाची ती पट्टीच दुभंगलेली असू शकते, आणि दुर्लक्ष झाले तर हाड आखूड किंवा वाकडे वाढते. गुडघ्याखालच्या उंचवट्याचे दुखणे उड्या मारणाऱ्या, पळणाऱ्या मुलांत या वयातच आढळते. जलद गोलंदाजी करणाऱ्या किशोरांच्या कमरेच्या मणक्याला अतिश्रमाने बारीक तडा जातो. उड्या आणि झटकन वळणे असलेल्या खेळांत मुलींच्या गुडघ्याचा आतला बंध मुलांच्या तुलनेत अधिक वेळा तुटतो, आणि शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास नऊ महिने किंवा अधिकही लागू शकतात. कुस्तीगिराचा चुरगळलेला कान आपण भूषण मानतो. प्रत्यक्षात तेथे रक्त साकळून कूर्चेचे पोषण तुटलेले असते, आणि वेळीच ते रक्त काढले तर कान वाचतो. ही सारी मुक्या माराचीच रूपे आहेत.

म्हणून आज एका वस्तादाचे काम अनेकांत वाटले गेले आहे. डॉक्टर निदान करतो. फिजिओथेरपिस्ट सांध्याची हालचाल आणि स्नायूंचे बळ पायरीपायरीने परत आणतो. व्यायामतज्ज्ञ शरीर खेळाच्या भाराला तयार करतो, आणि आहारतज्ज्ञ व मानसतज्ज्ञ त्यांना साथ देतात. भारतीय क्रिकेट संघाबरोबर अली इराणी १९८७ ते १९९७ अशी दहा वर्षे फिजिओ म्हणून वावरले, तेव्हा ही भूमिका सामान्य प्रेक्षकाला प्रथम परिचित झाली. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये डोक्याला मार बसून मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेता येतो. वैद्याच्या शब्दाला नियमाचे बळ मिळाले, ही मला गेल्या काही वर्षांतली फार मोठी सुधारणा वाटते.

परंतु या विभागणीत एक गोष्ट हरवण्याचा संभव आहे. वस्ताद मुलाला ओळखत होता. आजचा तज्ज्ञ बहुधा त्याचा गुडघा ओळखतो. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी मुलगा दुखणे लपवतो. घरी सांगितले तर खेळ सुटेल आणि सरांना सांगितले तर जागा जाईल, हे भय त्याच्या मनात असते. ते क्ष-किरणांच्या चित्रात दिसत नाही. ते ओळखायला रोज त्याला पाहणारा, त्याचे नाव घेऊन हाक मारणारा माणूस लागतो. तज्ज्ञाचे ज्ञान आणि वस्तादाची ओळख यांचा संगम शाळेच्या मैदानावरच होऊ शकतो.

एका जुन्या शिक्षकाच्या अधिकाराने शाळेपुढे तीन विनंत्या ठेवतो. प्रत्येक क्रीडाशिक्षकास प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण मिळावे, आणि ताजी दुखापत चोळायची नाही हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांनी ठराविक दिवशी मैदानावर येऊन मुलांना तपासावे. शाळेसाठी वर्गणीपेक्षाही ते दान मोठे ठरेल. आणि खेळण्यास योग्य की अयोग्य, हा निर्णय चषकाशी ज्याचा संबंध नाही अशा व्यक्तीच्या हाती असावा. तो निर्णय मुख्याध्यापकांनीही बदलू नये.

चषक कपाटात राहतात. गुडघे आणि मणके मात्र मुलांना सत्तर-ऐंशी वर्षे वापरायचे असतात. मार मुका असला तरी तो ऐकणारा कान जागा असेल, तर शाळेने आपले काम केले असे म्हणता येईल.