संकेत-अनुक्रम आणि जीवाणूंमधील प्रथिनस्राव : एक ऐतिहासिक आढावा

पेशीत तयार झालेले प्रथिन पटल ओलांडून बाहेर कसे जाते, या प्रश्नाचे उत्तर गुंटर ब्लोबेल व डेव्हिड सबातिनी यांनी १९७१ मध्ये अनुमान म्हणून मांडले. १९७५ मध्ये ब्लोबेल व डॉबरस्टाइन यांनी त्यास प्रयोगाचा आधार दिला. स्रवणाऱ्या प्रथिनाच्या आरंभी साधारणतः १५ ते ३० अमिनो आम्लांचा तुकडा असतो. तो प्रथिनास पटलापर्यंत नेतो व काम संपताच कापला जातो. या कार्याबद्दल ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७८ मध्ये हार्वर्ड येथे वॉल्टर गिल्बर्ट यांच्या गटाने उंदराच्या इन्शुलिनचे जनुक ई. कोलाय या जीवाणूच्या पेनिसिलिनेज जनुकात जोडले. पेनिसिलिनेजच्या संकेतामुळे हे संयुक्त प्रथिन जीवाणूच्या दोन पटलांमधील अवकाशात पोहोचले. १९८० मध्ये त्याहून नवलाची बाब आढळली : उंदराचा मूळ संकेतही जीवाणू ओळखतो आणि नेमक्या जागी कापतो! सस्तन प्राणी व जीवाणू यांच्यात इतके अंतर असूनही ही यंत्रणा सामाईक निघाली.

उद्योगाने मात्र हा मार्ग लगेच धरला नाही. अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळालेले मानवी इन्शुलिन ई. कोलायच्या आतच तयार होई. त्यासाठी पेशी फोडाव्या लागत आणि दोन साखळ्या स्वतंत्रपणे मिळवून जोडाव्या लागत.

धाराशिव जिल्हा ज्या मराठवाड्यात मोडतो, तेथील औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे औषधनिर्मिती करणाऱ्या वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये ‘वोसुलिन’ हे मानवी इन्शुलिन बाजारात आणले. त्यासाठी निवडला गेला तो जीवाणू नव्हे, तर यीस्ट. अर्थात प्रथिन बाहेर स्रवावयाचे असल्यास यीस्टलाही संकेत-अनुक्रमच लागतो.