नाटकात एम.ए. करून काय करशील? खान्देशातलं एक जुनं उत्तर

आजचा भाग एका फोनपासून सुरू होतो.

माझी मामेबहीण धुळ्याजवळच्या एका शाळेत शिकवते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "दादा, मला एम.ए. करायचंय. नाटकात. हिरॉईन व्हायला नाही रे, शाळेत आणि वस्तीत लोकांसोबत नाटक करायला." मागून मामांचा आवाज आला, "नाटकमा एम.ए. करीसन काय करशी माय?"

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्या घरात डिग्री म्हटलं की पुढचा शब्द पॅकेज. त्यामुळे मामांचा प्रश्न मला अजिबात चुकीचा वाटला नाही. पोरगी नोकरीतून दोन वर्षं बाहेर पडणार, वर फी भरणार, तर बापाने विचारायला नको? पण तिने पाठवलेला सिलॅबस वाचला आणि मी अडकलो. शाळा, तुरुंग, दवाखाने, वस्त्या अशा ठिकाणी जाऊन तिथल्या माणसांबरोबर नाटक उभं करायचं, असा तो विषय.

हे सगळं साहेबाच्या देशातून आलंय असं वाटतं. काही अंशी खरंही आहे. १९६५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात बेलग्रेड थिएटरने नटांची एक टीम शाळांमध्ये पाठवायला सुरुवात केली आणि 'थिएटर इन एज्युकेशन' हे नाव रूढ झालं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये त्याच वळणाची तुकडी काढली. महाराष्ट्रात पुणे, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत नाट्यकलेचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं.

पण नाटकातून शिकवायचं, ही गोष्ट आपल्याकडे कॉव्हेंट्रीच्या शंभर वर्षं आधी कागदावर उतरली होती.

१८५५ साल. जोतीराव फुले 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहितात. एक कुणबी जोडपं, बाई गरोदर, भविष्य सांगून त्यांना लुबाडणारा जोशी, एक पाद्री, आणि मधे मधे येऊन सगळ्यांची सालं काढणारा विदूषक. शेवटी ते नवरा-बायको कुठे जातात? जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या रात्रशाळेत! म्हणजे नाटक संपतं ते शाळेच्या दारात. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं, कमिटीने नाकारलं, आणि शंभराहून जास्त वर्षं ते छापलंच गेलं नाही.

नाटक पेटीत राहिलं, पण रीत राहिली नाही. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला आणि पुढे त्यातून सत्यशोधक जलसे उभे राहिले. त्यांनी तमाशाचा साचा उचलला आणि आतला माल बदलला. सावकार कसा लुटतो, पोरांना शाळेत का घालायचं, हे लोकांच्या ओळखीच्या चालीवर येऊ लागलं. १९३० च्या दशकात आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत पोचायचा तोच रस्ता होता.

आता खान्देशात या. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ पासून साने गुरुजी शिकवत होते, वसतिगृह सांभाळत होते. १९३० मध्ये ते नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. तीन वर्षांनी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. त्या पुस्तकाची बांधणी आठवा: रात्र, प्रार्थना झालेली, मंडळी गोळा झालेली आणि श्याम बोलतोय. वाचायचं पुस्तक आहे, पण घडण सगळी ऐकण्याची.

गुरुजींचा जीव ज्या राष्ट्र सेवा दलात होता, त्याचं कलापथक महाराष्ट्रभर फिरलं. वसंत बापट, पु. ल. देशपांडे, निळू फुले ही त्या पथकाशी जोडलेली नावं. आणि अजून एक नाव आपल्या घरचं, स्मिता पाटील. जन्म पुण्याचा, पण कुटुंब धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं. कॅमेऱ्यासमोर येण्याआधी तीही सेवा दलाच्या कलापथकात होती. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "ती स्मिता पाटील होती रे." बरोबर आहे. पण मी मुद्दा वेगळा मांडत होतो.

तो मुद्दा मला पुस्तकात नाही सापडला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आमचा एनएसएसचा कॅम्प जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात होता. आम्ही व्यसनमुक्तीवर पथनाट्य बसवलं. दारुडा नवरा, रडणारी बायको, शेवटी घोषणा. टाळ्या पडल्या, आम्ही खूश. सामान आवरताना एक बाई जवळ आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पोरांनो, दुकान कोणाचं आहे ते तुमच्या नाटकात का नव्हतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या गावात राहून आम्ही चार दिवसांत एकालाही काही विचारलं नव्हतं. युजरशी न बोलता सॉफ्टवेअर बनवलं तर काय होतं, ते मला पुढे नोकरीत कळलं. पण पहिला बग रिपोर्ट त्या बाईंचा.

खूप नंतर मी शहाद्याच्या चळवळीबद्दल वाचलं. शहादा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, १९९८ पर्यंत धुळ्यात होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले भिल्ल शेतमजूर अंबरसिंग सुरतवंतींसारख्या त्यांच्यातल्याच माणसांसोबत जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली. बायकांनी गावोगाव जाऊन दारूचे अड्डे गाठले, मडकी फोडली. म्हणजे दुकान कोणाचं, हा प्रश्न खान्देशातल्या बायकांनी आमच्या पथनाट्याच्या कितीतरी आधी विचारून झाला होता. आम्हीच अभ्यास केला नव्हता.

याच चळवळीतून वाहरू सोनवणे हे कवी आले. 'गोधड' हा त्यांचा संग्रह. त्यांची 'स्टेज' नावाची कविता जरूर शोधून वाचा. आदिवासींचं दुःख आदिवासींनाच स्टेजवरून ऐकवलं जातं आणि ज्यांचं दुःख ते खालीच राहतात, अशी ती गोष्ट आहे. मला ती वाचताना आमचा एनएसएसचा माइक दिसला.

आता योगायोग बघा. शहाद्यात हे घडत होतं त्याच काळात, १९७३ मध्ये, ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल पेरू देशात साक्षरता मोहिमेवर काम करत होते. नट प्रसंग करायचे, प्रेक्षक उपाय सुचवायचे, नट तो करून दाखवायचे. एका बाईला नटांचं काम काही केल्या पटेना. मी सांगतेय ते हे नाहीच, असं तिचं म्हणणं. शेवटी बोआल म्हणाले, मग तुम्हीच या वर. ती आली, आणि फसवणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं ते तिने झाडू हातात घेऊन दाखवलं. तिथून फोरम थिएटर जन्मलं. आज ते जगभर शिकवलं जातं. पश्चिम बंगालमध्ये जन संस्कृती ही संस्था १९८५ पासून खेड्यांत काम करतेय आणि बोआल यांची पद्धत तिने आपलीशी केलीय.

शहाद्याचा कवी आणि पेरूची बाई, दोघांचं म्हणणं एकच: आमच्याबद्दल बोलताय, तर आम्हाला वर येऊ द्या. मला वाटतं, माझ्या बहिणीच्या डिग्रीचा खरा विषय हाच आहे. अभिनय नंतर. आधी जागा सोडायला शिकायची, आणि गप्प बसून ऐकायला.

यावर कोणी म्हणेल, मग डिग्री कशाला? फुल्यांकडे होती का? कर्डकांकडे होती का? खरंय. पण जळगावच्या विद्यापीठाचं नाव बघा. १९९० मध्ये सुरू झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात गायच्या. सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ते टिपून ठेवलं म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यावर, पुस्तक आलं. टिपणारं कोणी नसतं तर? आखाजीला झोक्यावर म्हटलेली किती गाणी, किती वहीगायन अशीच हवेत गेली असतील! शिकलेल्या माणसाचं काम इथे आहे: टिपायचं, कोणाचं आहे ते सांगायचं, आणि गाणारीच्या आधी स्वतःचं नाव लावायचं नाही.

मामांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नोकरीचं काय?" त्याचं गॅरंटी उत्तर माझ्याकडे नाही, आणि खोटं बोलायचं नव्हतं. तिने फॉर्म भरलाय, रजेचा अर्ज अजून टेबलावर आहे. मामा त्यावर काही बोलत नाहीत, पण परवा त्यांनी 'तृतीय रत्न' मागून घेतलं.

तुमच्या गावात जुन्या कलापथकात काम केलेलं कोणी असेल, आखाजीची गाणी येणारी आजी असेल, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. विचारून रेकॉर्ड करा, आणि फाइलला त्यांचं नाव द्या. भेटू पुढच्या भागात.